चालून दाखव

"हिला उतरवा. उंची बघू."

पार्कच्या गेटवरचे साहेब असं म्हणाले तेव्हा हर्षू हसली. हर्षू म्हणजे हर्षदा, माझी धाकटी बहीण. तिला तेव्हा नऊ वर्षं पूर्ण झाली होती. तिला वाटलं, मोठ्या पाळण्यात बसवण्याआधी मुलांची उंची मोजतात, तशी आपली मोजतायत. आता आपण पास होणार.

तिकिटांच्या खिडकीशेजारी भिंतीवर एक जोकर रंगवलेला होता. त्याचा एक हात आडवा पसरलेला. मी हर्षूला काखेत धरून बाबागाडीतून उचललं आणि त्या हाताखाली उभं केलं. ती हाताखाली मावली नाही. तिचं डोकं वीतभर वर गेलं. तिने मान आणखी ताठ केली.

"बघा," साहेब रांगेकडे बघून म्हणाले. "ही काय बाबागाडीतून फिरायची उंची आहे?"

रांगेतले लोक हसले. सगळे नाही. पण पुरेसे हसले. हर्षूसुद्धा हसली. ती का हसतेय ते मला कळत होतं. मी तिला थांबवलं नाही.

मी हे क्रमाने सांगायचा प्रयत्न करते. मला असं लिहायची सवय नाही. कॉलेजात लिहिते ते निबंध. त्यात आपलं घर कधी येत नाही.

आमचं घर अर्नाळ्याला, किनाऱ्याजवळ. बाबा मासेमारी करतात. आई मासळी विकते. सकाळी पाटी घेऊन बसने विरारला जाते आणि पश्चिमेच्या सोसायट्यांमधून दारोदार फिरते. आमच्या घरातून कॉलेजला गेलेली मी पहिली. मागच्या वर्षी कॉलेजच्या निबंध स्पर्धेत माझा दुसरा नंबर आला. बक्षीस म्हणून हायवेकडच्या एका थीम पार्कचे पास मिळाले. चार पास. आम्ही माणसंही चारच. आईने ते पास देवासमोर ठेवले होते.

हर्षूच्या पायांत जन्मापासून ताकद कमी आहे. डॉक्टरांनी त्याचं लांबलचक नाव सांगितलंय. आम्ही घरी एवढंच म्हणतो, हर्षूचे पाय लवकर दमतात. ती भिंतीला धरून चालते. न धरताही थोडं चालते. मग गुडघे दुमडतात आणि ती आहे तिथे खाली बसते. किती पावलांनी बसेल ते तिलाही सांगता येत नाही. बसलेली असताना मात्र तिच्याकडे बघून काही कळत नाही. बोलायला चुरचुरीत. सतरापर्यंत पाढे पाठ. म्हणून ती गाडीत बसलेली दिसली की लोकांना वाटतं, लाडावलेली आहे.

बाबागाडी जुनी होती. आईच्या एका गिऱ्हाइकाने दिलेली. हर्षूच्या वजनाने तिची कापडी बैठक फाटली, तेव्हा बाबांनी तिथे जाळं विणून बसवलं. निळ्या दोऱ्याचं, दुहेरी गाठींचं. पाय ठेवायला खाली फळी ठोकली. त्या गाडीतून हर्षू शाळेत जायची, जत्रेत जायची, आगाशीच्या बाजारात जायची. व्हीलचेअरसाठी आम्ही अर्ज केला होता. तो अजून कुठेतरी आहे.

आम्ही बंदीच्या दिवसांत गेलो, कारण बाबांना सुट्टी म्हणजे मासेमारी बंदीचे दोन महिने. होड्या किनाऱ्यावर ओढून, ताडपत्री घालून ठेवलेल्या असतात. दोन दिवस आधीपासून आई बाबागाडी धूत होती. साबणाने, मग लिंबाने, मग परत साबणाने.

"कोनाला वास नाय आला पायजे," ती म्हणत होती.

मला तेव्हा तिचा राग आला होता. पण मीही हळूच वाकून जाळ्याचा वास घेऊन बघितला होता.

तर, गेटवर.

"बाहेरची गाडी फक्त तीन वर्षांखालच्या मुलांना," साहेब म्हणाले. त्यांच्या अंगावर निळा कोट होता आणि हातात वॉकीटॉकी. "हिला चालत न्या."

"सॉरी सर," मी म्हणाले.

मी सुरुवातच सॉरीने केली. कशाबद्दल सॉरी, मला अजून सांगता येत नाही.

"सर, तिला चालता येत नाही. म्हणजे थोडं येतं, पण..."

"म्हणजे येतं."

"थोडंच येतं, सर."

"सर्टिफिकेट आहे?"

होतं. सरकारी दवाखान्याचं, शिक्का मारलेलं. मी बाबांकडे बघितलं. बाबांचा चेहरा उतरला होता. आमच्या घरात महत्त्वाचे कागद कपाटात नसतात. ते होडीवर असतात, पत्र्याच्या घट्ट झाकणाच्या डब्यात. समुद्रात तपासणीची बोट आली की कागद मागतात, आणि कागद नसले तर माणूस काही सांगू शकत नाही, हे बाबांनी आयुष्यभर बघितलंय. म्हणून होडीचे कागद, आमची आधार कार्डं, माझी दहावीची मार्कशीट, हर्षूचं सर्टिफिकेट, सगळं त्या डब्यात. घरात पावसाचं पाणी शिरतं, डब्यात शिरत नाही. जिथे कागद मागतात तिथे कागद पाहिजेत, हा बाबांचा नियम. जमिनीवर, सुट्टीच्या दिवशी, पोरीला पाळणा दाखवायला जाताना कोणी कागद मागेल, हे त्यांच्या मनात आलंच नव्हतं. निदान मी मोबाईलमध्ये फोटो काढून ठेवायला हवा होता. मलाही सुचलं नाही.

"होडीत हाय," बाबा म्हणाले.

"कशात?"

"होडीत. डब्यात."

मागून एक मुलगा ओरडला, "काका, होडी पार्किंगला लावलीत काय?"

या वेळी जवळजवळ सगळे हसले.

"सायेब," आई पुढे झाली, "पोर खोटं नाय बोलत. तिला नाय जमत वो."

"ए मावशी, तू बाजूला हो. मी यांच्याशी बोलतोय ना?"

तो आईला 'तू' म्हणाला. मला 'तुम्ही' म्हणत होता. मी जीन्स घातली होती आणि पाठीवर कॉलेजची बॅग होती. त्या क्षणी मला वाईट वाटायला हवं होतं. खरं सांगते, मला थोडं बरंही वाटलं. तो माझ्याशी बोलतोय. मी नीट बोलले तर तो ऐकेल. मी शिकलेली आहे.

तेवढ्यात मागून कोणीतरी हाक मारली. "अहो मावशी! तुम्ही इथे?"

त्या आईच्या गिऱ्हाईक. आई त्यांना वहिनी म्हणते. विरार पश्चिमेला तिसऱ्या मजल्यावर राहतात. आई दर रविवारी त्यांच्या दारात बसून पापलेट कापून देते. बाबागाडी त्यांनीच दिली होती. त्यांच्यासोबत त्यांचा मुलगा वेदू होता. सात-आठ वर्षांचा, चांगला धट्टाकट्टा. तो पार्कच्या भाड्याच्या गाडीत बसला होता. डॉल्फिनच्या आकाराची निळी गाडी. त्याचे पाय पुढे लटकत होते आणि तो मोबाईल बघत होता.

हे मी बघितलं. बघून गप्प बसले.

"ही आमच्या वेदूची गाडी ना?" वहिनी वाकून बघायला लागल्या. "ओळखूच आली नाही. हे काय, जाळं लावलंय? किती क्रिएटिव्ह!" मग साहेबांकडे वळून म्हणाल्या, "आमच्या मासळीवाल्या मावशी आहेत. मीच दिली होती यांना. मला वाटलं घरात बाळ असेल."

"मॅडम, तुम्हीच सांगा," साहेब म्हणाले. "एवढी मोठी मुलगी."

वहिनींनी हर्षूकडे बघितलं. प्रेमाने बघितलं. त्या वाईट बोलल्या असत्या तर कदाचित मला सोपं गेलं असतं.

"चालू दे ना तिला," त्या म्हणाल्या. "तिच्याच भल्याचं आहे. सवय लागते नाहीतर. दोन पावलं टाकून दाखव बाळा साहेबांना, घाबरू नको."

आई एक पाऊल मागे सरली. दर रविवारचं दार होतं ते. बाबा जमिनीकडे बघत होते. साहेबांनी माझ्याकडे बघितलं.

आणि मी म्हणाले.

"हर्षू, जरा चालून दाखव ना."

हे वाक्य माझं आहे. साहेबांचं नाही, वहिनींचंही नाही. तिच्यासमोर बसून, तिच्या फ्रॉकची घडी सारखी करून, गोड आवाजात मी म्हणाले.

रांग बाजूला झाली. मधे जागा तयार झाली. हर्षूने माझा हात सोडला. तिला धरायला भिंत नव्हती. सगळे बघत होते, आणि तिला वाटत होतं की ही परीक्षा आहे आणि पास झालं की पाळणा. तिने ओठ घट्ट दाबले आणि निघाली.

ती इतकी छान चालली. मी तिला तसं चालताना कधी बघितलं नव्हतं. पाय ओढला नाही, वाकली नाही. दोन्ही हात थोडे पसरून ती खिडकीपासून रांगेच्या दोरीच्या खांबापर्यंत गेली आणि खांबाला धरून वळून उभी राहिली. कपाळावर घाम. चेहऱ्यावर एवढं मोठं हसू.

आईला राहवलं नाही. "शाबास माझी बाय!" ती म्हणाली आणि तिने टाळ्या वाजवल्या. बाबांचे डोळे भरून आले. नऊ वर्षांत पहिल्यांदा तिला कोणाच्या आधाराशिवाय एवढं चालताना बघत होतो आम्ही. आम्हाला दुसरं काही सुचलंच नाही. आम्ही तिघंही त्या गेटवर खूश झालो.

"झालं," साहेब म्हणाले. "चालते की व्यवस्थित. उगाच नाटकं."

त्यांनी बाबागाडी ओढून घेतली आणि सामानाच्या खोलीत पाठवली. माझ्या हातात प्लास्टिकचं टोकन दिलं. वहिनी हर्षूच्या गालाला हात लावून म्हणाल्या, "बघ, जमतं की नाही?" आणि डॉल्फिन ढकलत आत गेल्या.

आत गेल्यावर हर्षू पहिल्या झाडाखाली बसली. तिचे पाय थरथरत होते. मांड्या कडक झाल्या होत्या. गेटवर तिने दिवसभराची ताकद खर्च केली होती. पण ती बोलली नाही. आईने टाळ्या वाजवल्या होत्या ना. आता कसं सांगणार?

बाबांनी तिला पाठुंगळी घेतलं. पार्क मोठं होतं. फरशी ओली, चढ-उतार, प्रत्येक ठिकाणी रांग. हर्षूला मोठा पाळणाच हवा होता. वरून समुद्र दिसतो का ते तिला बघायचं होतं. पाळण्याच्या रांगेत बाबा तिला घेऊन उभे राहिले. बाबांची पाठ धरली तेव्हा तिला खाली ठेवलं. ती लोखंडी कठड्याला लटकल्यासारखी उभी राहिली. मग माझ्या कानात म्हणाली, "ताई, लघवीला."

बाथरूम दुसऱ्या टोकाला होतं. आई तिला उचलायला गेली. कठड्यांच्या मधली जागा अरुंद, पुढे-मागे माणसं. "जरा जाऊ द्या," आई म्हणत होती, "पोरीला जायचंय, जाऊ द्या वो." लोक आपला नंबर सोडायला तयार नव्हते. कठड्याच्या टोकाशी हर्षूचे गुडघे दुमडले आणि ती खाली बसली. तिथेच झालं. नवा पिवळा फ्रॉक. फरशीवरून ओघळ पुढच्या माणसांच्या चपलांपर्यंत गेला.

"ई," कोणीतरी म्हणालं. मुलं हसली. रांग मागे सरकली. मघाशी त्याच लोकांना सरकायला जागा नव्हती.

वहिनी तिथेच होत्या. त्यांनी पर्समधून ओल्या टिश्यूंचं पाकीट काढलं आणि लांबूनच आईपुढे धरलं. "घ्या. पण मावशी, एवढ्या मोठ्या मुलीला आधी सांगता येत नाही का?"

आईने पाकीट घेतलं आणि खाली बसून फरशी पुसायला लागली. हर्षूला नाही, आधी फरशी. दुसऱ्यांच्या दारातल्या जमिनी पुसून निघायची सवय आहे तिला. मासळी कापून झाली की ती दारातली लादी पुसते, मगच उठते.

हर्षू रडली नाही. फ्रॉक गुडघ्यांवर ओढून खाली बघत बसली. तिचा चेहरा मी बघितला आणि बॅगेतून टोकन काढलं.

मी गेटवर गेले. साहेबांसमोर टोकन ठेवलं.

"आमची गाडी द्या."

"का? मघाशी तर चालली. मी स्वतः बघितलं."

"आता नाही चालता येत तिला."

"असं कसं? आणा तिला इथे. परत बघू."

रांग होतीच. नवे लोक, तीच भिंत, तोच जोकर. मला ओरडता येत नाही. कॉलेजातही मी शेवटच्या बाकावर बसते आणि उत्तर येत असलं तरी हात वर करत नाही. पण त्याने 'परत बघू' म्हटलं आणि माझ्या तोंडात आलेलं सॉरी मी गिळलं.

"नाही," मी म्हणाले.

"काय नाही?"

"ती परत चालून दाखवणार नाही. तुम्हाला नाही, कोणालाच नाही. मघाशी मी तिला चालायला लावलं, ती माझी चूक होती. गाडी आमची आहे. द्या."

"आवाज खाली करा."

"आवाज खालीच आहे. नियम कुठे लिहिलाय ते दाखवा. आत सात-आठ वर्षांचं पोर तुमच्या भाड्याच्या गाडीत फिरतंय. त्याची उंची मोजली का? त्याला चालवून बघितलं का?"

"ती आमची गाडी आहे. तुम्हीपण घ्या ना भाड्याने. नाही कोण म्हणतंय?"

म्हणजे नियम उंचीचा नव्हताच. हे त्याने मला पहिल्याच मिनिटाला सांगितलं असतं तरी चाललं असतं. त्याऐवजी माझी बहीण त्याला चालवून बघायची होती.

"तुमचं नाव लिहून द्या," मी म्हणाले. "आणि हे जे आता बोललात, तेही लिहून द्या."

त्याने लिहून दिलं नाही. वॉकीटॉकीत काहीतरी बोलत तो बाजूला गेला. सामानाच्या खोलीतल्या बाईंनी माझ्याकडे न बघता बाबागाडी बाहेर ढकलली. मी ती घेऊन आत निघाले. "ओ मॅडम, आत नाही, आत नाही!" तो मागून ओरडला. मी थांबले नाही.

इथे मी जिंकले असं कोणाला वाटेल. म्हणून पुढचंही सांगते.

मी गाडी हर्षूसमोर नेऊन उभी केली. आईने तिच्या कमरेला आपली ओढणी गुंडाळली होती. मी म्हणाले, "बस." तिने मान हलवली.

"नको."

"अगं, पाळण्यापर्यंत नेते मी."

"नको. सगळे बघतात. मी मोठी आहे."

पाळणा समोर फिरत होता. तिने तिकडे बघितलंसुद्धा नाही. बाबांनी तिला उचललं आणि आम्ही बाहेर पडलो. मी मागून रिकामी गाडी ढकलत होते.

त्या दिवसानंतर हर्षू त्या गाडीत बसलेली नाही. शाळा उघडली तेव्हा बाबांनी तिला पाठुंगळी नेलं. बंदी उठली, बाबा समुद्रावर गेले, तेव्हा मी आणि आईने न्यायचा प्रयत्न केला. ती वजनाने वाढतेय. आई पहाटेची बाहेर असते. आठवड्यातले तीन दिवस शाळा बुडते, कधी चार. बाई घरी वह्या पाठवतात. सतराच्या पुढचे पाढे तिला कोणी शिकवलेले नाहीत, मीही नाही.

वहिनींचा आईच्या मोबाईलवर मेसेज आला होता. आईला वाचता येत नाही, मी वाचते. 'मावशी, रविवारी दोन पापलेट. आणि गाडी वापरत नसाल तर परत आणा, आमच्या कामवालीच्या नातवाला होईल.' मी आईला दोन पापलेट एवढंच वाचून दाखवलं. उत्तर मी लिहिलं. 'पापलेट मिळेल. गाडी हर्षदाची आहे.' आई त्या दारात अजून जाते. मी तिला जाऊ नको म्हणू शकत नाही. माझी फी त्याच दारांमधून येते.

गेल्या महिन्यात हर्षू ओट्यावर बसली होती. मी तिच्या केसांना तेल लावत होते. तिने मागे न बघता विचारलं.

"ताई, मी चांगली चालले म्हणून झालं ना ते?"

मला समजलं नाही.

"मी पडायला पायजे होतं," ती म्हणाली. "पडले असते तर गाडी दिली असती त्यांनी."

दहा वर्षांची मुलगी. वर्षभर ती हे मनात घेऊन होती. आयुष्यात सगळ्यात छान चालली ते तिला गुन्ह्यासारखं आठवत होतं. मी तेलाचे हात तसेच धरून तिच्यासमोर येऊन बसले.

"नाही," मी म्हणाले. "तू चांगली चाललीस म्हणून नाही झालं. मी तुला चालायला सांगितलं म्हणून झालं. सांगायला नको होतं."

ती माझ्याकडे बघत राहिली. माफ केलं असं काही म्हणाली नाही. मी मागितलंही नाही. मग म्हणाली, "वेणी घाल."

मी हे लिहितेय ते सहानुभूतीसाठी नाही. सहानुभूतीने आम्हाला एक बाबागाडी दिली आणि नंतर तिच्यावर हक्क सांगितला. व्हीलचेअरच्या अर्जासाठी मी आता दर सोमवारी पंचायत समितीच्या कार्यालयात जाते. खिडकीवरचे म्हणतात, पुढच्या आठवड्यात या. मी जाते. परवा तिथल्या एकाने विचारलं, मुलीला आणलं नाही? बघितल्याशिवाय कसं कळणार? मी सर्टिफिकेट काचेला लावून धरलं आणि म्हणाले, हे वाचा.

डॉक्टर सांगतील तेव्हा ती चालेल. तो तिचा इलाज आहे. घरात, तिच्या मनाला येईल तेव्हा, नळापर्यंत किंवा दारापर्यंत चालेल, ते तिचं चालणं आहे. बाकी तिचे पाय बघून खरंखोटं ठरवायचा हक्क कोणालाही नाही. गेटवरच्या कोटवाल्याला नाही. खिडकीवरच्या माणसाला नाही. जुनं देऊन उपकार मोजणाऱ्याला नाही. टाळ्या वाजवणाऱ्यालाही नाही.

आणि मलासुद्धा नाही.